वैमानिकाचं वजन कोणी ठरवायचं, विमानाने की तक्त्याने?

वैमानिक व्हायची इच्छा असलेली मुलं पुण्यात भरपूर सापडतात. लोहगावहून उठणाऱ्या सुखोईचा आवाज त्यांनी वर्गात बसून ऐकलेला असतो, खडकवासल्याची एनडीए पाहिलेली असते, हडपसरचं ग्लायडिंग सेंटर किंवा बारामतीचं विमान प्रशिक्षण नात्यातल्या कोणीतरी कानावर घातलेलं असतं. अशा मुलाचे आईवडील फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशीला येतात तेव्हा आधी फी विचारतात, मग चष्म्याचा नंबर चालतो का ते विचारतात, आणि उठता उठता आवाज थोडा खाली आणून तिसरा प्रश्न येतो, "याचं वजन चालेल ना हो?" मुलगा शेजारीच बसलेला असतो.

या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच मिळतं. प्रवेश देणारे म्हणतात, आधी फॉर्म भरा, मग बघू. जिममधला ट्रेनर म्हणतो, पंधरा किलो उतरव. काकामामा म्हणतात, पायलट कसा सडपातळ हवा. मुलगा हे सगळं ऐकून घेतो आणि एवढंच समजतो की आपल्या शरीरात काहीतरी चुकलंय. माझं म्हणणं असं आहे: विमानाची मर्यादा किलोकिलोने पाळावी, माणसाची तब्येत कसून तपासावी, पण उंची-वजनाच्या तक्त्यातल्या एका आकड्यावर कोणाचाही रस्ता बंद करू नये.

आधी विमानाचंच बघू, कारण तिथे वाद घालायला जागा नाही. शिकाऊ वैमानिकांसाठी जगभर वापरलं गेलेलं एक छोटं विमान म्हणजे सेसना 152. दोनच सीटा, शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 757 किलो. रिकाम्या विमानाचं वजन विमानागणिक थोडं बदलतं, आपण 520 धरू. उरले 237 किलो. टाकी भरली की साधारण 93 लिटर वापरता येण्यासारखं इंधन बसतं, त्याचे झाले 67 किलो. आता उरले 170. एवढ्यात शिकवणारा, शिकणारा, दोघांचे हेडसेट, नकाशे आणि पाण्याची बाटली बसवायची. इन्स्ट्रक्टर 75 किलोचा असेल तर विद्यार्थ्याला 95 किलोच्या आतच राहावं लागतं. विद्यार्थी 105 किलोचा असेल तर दहा किलो इंधन कमी भरायचं, म्हणजे सुमारे 14 लिटर, म्हणजे हवेत राहण्याचा अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. आणि इन्स्ट्रक्टरही नव्वदीतला असेल, तर त्या जोडीने लांबच्या सरावाला निघूच नये.

या हिशेबाला वेट अँड बॅलन्स म्हणतात आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. दख्खनचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, वर एप्रिल-मे महिन्यातली दुपार. हवा तापून विरळ झालेली असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि धावपट्टी जास्त लागते. कागदावर 757 किलोची परवानगी असली तरी शहाणा इन्स्ट्रक्टर अशा दुपारी थोडं कमीच वजन घेऊन उडतो. इथे कोणी "वजनावरून भेदभाव" असा शब्द वापरला तर तो मला मान्य नाही. गुरुत्वाकर्षण कोणाच्या भावना बघत नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. तोच 105 किलोचा विद्यार्थी चार सीटांच्या सेसना 172 मध्ये बसला तर काय होतं? त्या विमानाच्या अलीकडच्या मॉडेलचं उड्डाणाचं कमाल वजन 1,157 किलो आहे. मागच्या सीटा रिकाम्या ठेवून दोघं निघाले तर अडचण राहत नाही. म्हणजे मुलगा तोच, वजन तेच, फक्त विमान बदललं. पुढे हाच मुलगा एअरबस ए320 च्या कॉकपिटमध्ये गेला तर ते विमान उड्डाणाच्या वेळी सत्तर-पंचाहत्तर टनांच्या आसपास असतं. तिथे वैमानिक 70 किलोचा आहे की 100 किलोचा, याने विमानाला काडीचाही फरक पडत नाही. मागे बसलेल्या प्रवाशांना तर कोणी तोलतही नाही, त्यांचं वजन सरासरीने धरतात.

ती सरासरी चुकली तर मात्र माणसं मरतात, हेही सांगायला हवं. जानेवारी 2003 मध्ये अमेरिकेत शार्लट इथे बीचक्राफ्ट 1900 जातीचं छोटं प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळलं आणि त्यातले सर्व 21 जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाची जोडणी देखभालीत चुकली होती आणि त्यात भर म्हणून विमान जड झालं होतं, भार मागे गेला होता. प्रवाशांचं वजन मोजायला वापरलेली सरासरी जुन्या काळातली होती, माणसं तोवर जाड झाली होती. त्यानंतर तिथे ही सरासरी वाढवण्यात आली. या अपघातातून मी घेतो ते एवढंच: वजन खरं मोजा, खरं लिहा, लाजेपोटी पाच किलो कमी सांगू नका. ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये जाड मुलाकडे बघून हसतात, तिथे तो मुलगा फॉर्मवर खोटा आकडा लिहितो. तो खोटा आकडा थेट वेट अँड बॅलन्सच्या कागदावर जातो, आणि मग चेष्टा करणाऱ्याचाही जीव त्याच विमानात असतो.

लढाऊ विमानाची गोष्ट वेगळी, आणि पुण्याने ती जवळून पाहिली आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये थेऊरजवळ सुखोई कोसळलं तेव्हा दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर फेकले गेले आणि वाचले. ती सीट म्हणजे बुडाखाली रॉकेट लावलेली खुर्ची. रॉकेटची ताकद ठरलेली असते. बसलेला माणूस फार हलका असेल तर तो जास्त वेगाने वर फेकला जातो, मणक्यावर आणि मानेवर बेतू शकतं. फार जड असेल तर पुरेशा उंचीवर जातच नाही आणि पॅराशूट उघडायला वेळ मिळत नाही. म्हणून हवाई दल वैमानिकाची नुसती उंची मोजून थांबत नाही. उंची किमान 162.5 सेंटिमीटर लागतेच, शिवाय बसलेली उंची, पायांची लांबी, मांडीची लांबी हेही मापून घेतात. बाहेर पडताना गुडघा समोरच्या पॅनेलवर आपटला तर पाय जातो, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. हे नियम कोणी शिथिल करा म्हणत असेल तर त्याने आधी ती सीट कशी चालते ते समजून घ्यावं.

तरीही या गोष्टीचा पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने एफ-35 या आपल्या सगळ्यात नव्या लढाऊ विमानातून 62 किलोपेक्षा हलक्या वैमानिकांना उडायला मनाई केली. सीट सुटल्यावर हलक्या माणसाच्या मानेला धोका असल्याचं चाचण्यांत दिसलं होतं. त्यांनी हलक्या वैमानिकांना वजन वाढवायला पाठवलं नाही. हेल्मेट हलकं केलं, हलक्या माणसासाठी मुख्य पॅराशूट किंचित उशिरा उघडेल असा स्विच सीटवर बसवला, डोक्यामागे आधार दिला, आणि 2017 मध्ये मनाई उठवली. मर्यादा यंत्राची होती, ती यंत्र सुधारून काढली गेली. आपल्याकडे 2016 मध्ये बायका हवाई दलाच्या लढाऊ शाखेत आल्या, 2022 पासून एनडीएत मुली आल्या आहेत आणि 2025 च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. त्यातल्या कित्येकींचं वजन स्वाभाविकपणे कमी असणार. वजनाचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फक्त जाड मुलगा येतो, पण "अगं, खात जा जरा, नाहीतर घेणार नाहीत" हे ऐकणाऱ्या मुलीही या शहरात आहेत. उद्या नवं विमान विकत घेताना वजनाचा पल्ला मोठा असलेली सीट मागणं हे सरकारच्या हातात आहे.

आता तक्त्याकडे येतो. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. हे गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटेले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. त्याला अख्ख्या समाजाची सरासरी काढायची होती, समोरच्या एका माणसाची तब्येत तपासायची नव्हती. बीएमआय हे नाव त्याला 1972 मध्ये मिळालं. आपल्या एखाद्या तालमीतला किंवा कबड्डीच्या संघातला 170 सेंटिमीटर उंचीचा, 90 किलोचा गडी घ्या. त्याचा बीएमआय 31 येतो, तक्त्यात तो लठ्ठ. त्याच्या शेजारी 22 बीएमआयचा, बारीक हातापायांचा, सुटलेल्या पोटाचा, जिना चढताना धापा टाकणारा माणूस उभा करा. तक्त्यात तो उत्तम.

आणि हे जगाला ज्यांनी दाखवून दिलं ते डॉक्टर पुण्याचेच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आठशे ग्रॅमने हलकी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात घटलेली नसते, घटलेलं असतं ते स्नायूंचं वजन. दिसायला बारीक, आतून चरबीचा. ज्या शहरात हे संशोधन झालं, त्याच शहरातल्या मुलाला नुसत्या बीएमआयवर पास-नापास करणं मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग तर भारतीयांसाठी बीएमआयची रेघ आणखी खाली ओढायला हवी. तशी ती ओढलेली आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात 25 च्या पुढे जादा वजन आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा. आपल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये एकमताने ठरवलेल्या तक्त्यात 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 पासूनच लठ्ठपणा. म्हणजे 25.5 बीएमआयचा मुलगा एका तक्त्यात थोडा जाड, दुसऱ्यात लठ्ठ. रेघ हलवून प्रश्न सुटत नाही. ज्याची भीती आहे तेच मोजा. कंबर मोजा, भारतीय पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. साखर तपासा, रक्तदाब बघा, ट्रेडमिलवर पळवा. या तपासण्या महाग नाहीत आणि त्यातल्या बऱ्याचशा वैमानिकाच्या मेडिकलमध्ये होतातच. मग त्या असताना तक्त्यातला आकडा इतका वरचढ का ठरावा?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतही वैमानिकाच्या वजनाचा आकडा दिलेला नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारलाय: या माणसाला असा काही आजार आहे का, की ज्यामुळे तो उडत असताना एकाएकी निकामी होईल किंवा त्याला काम नीट करता येणार नाही? हाच प्रश्न योग्य आहे. आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यांच्या मेडिकलमध्ये बीएमआय नोंदतात आणि तो वर गेलेला असला की जादा तपासण्या, वजन उतरवून या, असं सांगितलं जातं. जादा तपासण्यांना माझी हरकत नाही, उलट पाठिंबा आहे. त्या तपासण्या स्वच्छ आल्यावरही आकड्यासाठी अडवून ठेवलं जाऊ नये.

या सगळ्या मांडणीला एक बळकट उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. ते उत्तर म्हणजे झोप. फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेच्या हवाई नावाच्या बेटांवर होनोलुलूहून हिलोला निघालेल्या विमानाचे दोन्ही वैमानिक दिवसाढवळ्या झोपून गेले. विमान हिलो ओलांडून समुद्रावर गेलं, खालून हाका मारल्या तरी उत्तर नाही. मग ते जागे झाले आणि विमान सुखरूप उतरलं. पुढे तपासणीत कॅप्टनला स्लीप अ‍ॅप्नियाचा तीव्र त्रास असल्याचं निघालं. झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोप होतच नाही, आणि दिवसा डोळा लागतो. वजन वाढलं, मान जाड झाली की हा आजार वाढतो, हे खरं आहे.

म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ठरवलं की बीएमआय 40 च्या पुढे असलेल्या प्रत्येक वैमानिकाने झोपेची तपासणी करून घ्यायची, नाहीतर मेडिकल मिळणार नाही. वैमानिकांच्या संघटनांनी विरोध केला. 2015 मध्ये सुधारित पद्धत आली: डॉक्टरने घोरणं, मान, रक्तदाब, दिवसा येणारी झोप, वजन असं सगळं मिळून जोखीम ठरवायची, एकट्या बीएमआयवर कोणाला अडवायचं नाही, आणि ज्याला तपासणी सांगितली त्याने ती होईपर्यंत उडायला हरकत नाही. आजार निघाला तर रात्री श्वास मोकळा ठेवणारं मशीन लावून झोपायचं, मशीन वापरल्याची नोंद दाखवायची, आणि कामावर राहायचं. मला ही पद्धत योग्य वाटते. कारण बारीक माणसालाही स्लीप अ‍ॅप्निया होतो, त्यालाही ती पकडते. नुसता काटा बघणारा डॉक्टर त्या बारीक माणसाला हसत हसत पास करून टाकतो.

वजनाचा काटा मुलांना काय करायला लावतो तेही बघा. एनडीएच्या मुलाखतीतून निवड झालेल्या मुलाला मेडिकलमध्ये जादा वजनासाठी टीआर मिळतो, म्हणजे तात्पुरता नकार. मग अपील मेडिकल बोर्डासमोर उभं राहायला हातात साधारण सहा आठवडे असतात. मी हनुमान टेकडीवर असा एक मुलगा पाहिला आहे. मे महिना, सकाळचे आठ वाजून गेलेले, आणि हा अंगात रेनकोट घालून, वर जर्किन चढवून चढावर पळत होता. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, हातात बाटली नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, चार किलो जायचेत अजून, परवा बोर्ड आहे. पाणी बंद केलंय." सतरा-अठरा वर्षांचं पोर. अंगातलं पाणी घालवून काट्याला चार किलो कमी दाखवता येतात, पण त्या दिवशी त्याची मूत्रपिंडं आणि हृदय कुठल्या अवस्थेत असतात? आणि बोर्ड झाल्यावर पोटभर पाणी प्यायलं की ते वजन परत येतंच. जी तपासणी तब्येत राखण्यासाठी ठेवली, तिच्यासाठी मुलगा तब्येत बिघडवून घेतो.

डॉक्टर सांगतात की आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरवणं सुरक्षित. सहा आठवड्यांत म्हणजे तीन ते सहा किलो. ज्याला त्याहून जास्त उतरवायचं आहे त्याच्यापुढे रेनकोटच उरतो. ज्याची बाकी सगळी तपासणी स्वच्छ आहे आणि फक्त चार-सहा किलो जास्त आहेत, त्याला अटीवर घ्या असं मला वाटतं. पहिल्या सत्राच्या शेवटी पुन्हा मोजा. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या तिथल्या दिनक्रमात अंगावर किती चरबी टिकते, हे कुठल्याही माजी कॅडेटला विचारावं.

आपल्याकडे वजनाचे नियम नेहमी सुरक्षिततेसाठीच असतात असंही नाही. 2014 मध्ये केबिन क्रूसाठी बीएमआयचे आकडे ठरवले गेले तेव्हा पुरुषाला 18 ते 25 योग्य मानलं आणि बाईला 18 ते 22. विमान तेच, दरवाजे तेच, आग लागली तर प्रवाशांना बाहेर काढायचं कामही तेच. मग बाईची रेघ तीन आकड्यांनी खाली का? याचं कारण मला सुरक्षिततेत सापडत नाही, ते बघणाऱ्याच्या नजरेत आहे. वैमानिकाच्या बाबतीतही "पायलट कसा दिसायला हवा" ही समजूत हळूच नियमाच्या जागी येऊन बसते, म्हणून प्रत्येक आकड्याला "तू कशासाठी आहेस?" असं विचारायलाच हवं.

कॉकपिटमध्ये बघायच्या गोष्टी साध्या आहेत. पट्टे नीट लागतात का? कंट्रोल पूर्ण मागे ओढला तर पोटाला अडतो का? पाय रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या पात्याच्या, पेडलवर पूर्ण दाबता येतात का? ए320 किंवा बोइंग 737 च्या कॉकपिटची बाजूची खिडकी सरकवून दोरीवरून खाली उतरायची सोय असते, तिथून हा माणूस वेळेत बाहेर पडू शकतो का? जो पडू शकत नाही त्याला मी स्वतः सांगेन की बाबा, आधी हे जमव. पण हे त्याला करून दाखवायची संधी द्यायला हवी. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, त्यात ही रीत पूर्वीपासून आहे. कॉकपिटमध्ये पाटीच असते, वैमानिकाचं किमान वजन इतकं, कमाल इतकं. हलका असेल तर शिसं लावून भार पुरा करतात आणि उडवतात. कोणी कोणाला नावं ठेवत नाही.

वैमानिकाचं प्रशिक्षण आज अर्धा कोटीच्या घरात जातं. त्यासाठी घर गहाण टाकलेलं असतं, शेत विकलेलं असतं. एवढे पैसे घेणाऱ्या प्रत्येक फ्लाइंग स्कूलने प्रवेशाच्या कागदांत एक पान जोडावं: आमच्याकडे अमुक मॉडेलची विमानं आहेत, त्यांचं रिकामं वजन इतकं, उड्डाणाचं कमाल वजन इतकं, पूर्ण टाकी आणि सरासरी इन्स्ट्रक्टर धरून विद्यार्थ्याला इतकी जागा उरते. त्याहून जड विद्यार्थ्याला कोणतं विमान देणार आणि त्याचा तासाचा दर काय, हेही त्याच पानावर. डीजीसीएने हे सक्तीचं केलं तर फार मोठा कायदा बदलावा लागणार नाही. पालकांनीही पहिला हप्ता भरण्याआधी मुलाचं क्लास टू मेडिकल, म्हणजे शिकाऊ वैमानिकाची तपासणी, आणि जमलं तर व्यावसायिक परवान्याला लागणारं क्लास वनही करून घ्यावं, आणि शाळेत गेल्यावर "वजन चालेल का" असं न विचारता "विमान कुठलं आहे, त्याचा वेट अँड बॅलन्सचा कागद दाखवा" असं विचारावं. मुलाला शेजारी बसवूनच विचारावं, आणि तो हिशेब त्यालाच करायला सांगावा.